एका धुऱ्याचे दोन दावे

एकाच रस्त्यासाठी मी दोन ठिकाणी दावे लावले, आणि दुसरीकडे दावा नाही असं दोन्ही ठिकाणी शपथेवर लिहून दिलं.

लबाडी म्हणून केलं असतं तर निदान लबाड म्हणून तरी नाव झालं असतं. मी ते कार्यतत्परता म्हणून केलं. सगळी नोकरी सरकारी कचेरीत कारकुनी करण्यात गेली. तिथे आमचा एक रिवाज होता: आपल्या माणसाचं काम असलं की अर्ज एका टेबलावर टाकायचा नाही, दोन टेबलांवर टाकायचा. जिथला आधी हलेल तो आपला. चुलत भावाचा विहिरीचा अर्जही मी असाच दोन टेबलांवर टाकला होता, आणि ते त्याच्या घरी अभिमानाने सांगितलंही होतं. तो दोन्हीकडे अजून असेल. निवृत्त होऊन शहराच्या कडेला, बेसात घर बांधलं, तरी ही विद्या काही अंगातून गेली नाही.

नरखेड तालुक्यात आमची वाटणीची शेती आहे. पुढे चुलत भावाची, म्हणजे दादाची मोसंबी, मागे माझी संत्र्याची बाग. माझ्याकडे यायची गाडीवाट दादाच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून. गेल्या हंगामात टेम्पो वळवताना ड्रायव्हरने दादाची कोवळी कलमं चिरडली. ‘येऊ दे मागे, येऊ दे,’ असं त्याला ओरडून सांगणारा मीच होतो. दादाने धुऱ्यावर तारेचं कुंपण घातलं, फाटकाला कुलूप लावलं आणि मला निरोप धाडला, ‘येऊन बोल.’ मी गेलो नाही. वकिलाकडे गेलो.

दिवाणी कोर्टात दावा लागला. माझे वकीलसाहेब बेसातलेच, सभ्य गृहस्थ. त्यांनी तात्पुरता मनाई हुकूम मिळवून दिला: पुढच्या सुनावणीपर्यंत दादाने वाट अडवायची नाही. फाटकाचं कुलूप निघालं. इथे शहाणा माणूस घरी बसून चहा प्याला असता. पण एका जुन्या सहकाऱ्याने सहज सांगितलं की शेतरस्त्याचं प्रकरण तहसीलदारही ऐकतात, आणि माझे कान टवकारले. दुसरं टेबल! तालुक्यातला एक तरुण वकील गाठून मी तिकडेही दावा ठोकला. वकीलसाहेबांना सांगितलं नाही, कारण माझ्या लेखी तहसील म्हणजे कोर्ट नव्हतंच, ऑफिस होतं. तहसीलच्या शपथपत्रात, आणि मनाई हुकूम वाढवून घ्यायला दिवाणीत नंतर दिलेल्या शपथपत्रातही, ‘याच विषयाचा दावा अन्यत्र चालू नाही’ अशी ओळ होती. असल्या ओळींखाली मी जन्मभर लोकांच्या सह्या घेतल्या. त्या वाचायच्याही असतात, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

मनाई हुकूम पुढे चालू ठेवायचा का, यावर सुनावणी आली. झाडांवर संत्री पिवळी होऊन लोंबत होती आणि सोमवारी व्यापाऱ्याचा टेम्पो यायचा होता. वाट बंद झाली तर सगळं फळ झाडाखाली सडणार. दादाच्या बाजूचं म्हणणं होतं की मागे नाल्याकडून दुसरी वाट आहे.

न्यायाधीश बाईंनी विचारलं, “नाल्याकडून गाडी जाते का?”

वकीलसाहेब कागद चाळू लागले. मला राहवलं नाही. मागच्या बाकावरून उठलो, हात जोडले आणि म्हणालो, “मॅडम, तिकडून बैलबंडीही जात नाही. तहसीलदारसाहेब परवाच माझ्या दाव्यात जागा पाहून गेले. त्यांनाच विचारा ना.”

बाईंनी चष्मा काढला. “कोणत्या दाव्यात?”

“याच रस्त्याच्या,” मी म्हणालो. अजूनही मला वाटत होतं की आपण बाजी मारली.

वकीलसाहेब माझ्याकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. आपलं घर उघडावं आणि आत भलतंच कुटुंब जेवायला बसलेलं दिसावं, तसा तो चेहरा होता.

“हे शपथपत्र तुमचंच?” बाईंनी विचारलं.

“हो.”

“वाचलं होतं?”

“सही केली होती.”

बाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. इथे हो आणि तिथे नाही असे दोन हुकूम निघाले, तर लोकांनी कोणता पाळायचा, असं त्यांनी मलाच विचारलं. मनाई हुकूम तिथल्या तिथे उठला. वर, खोट्या शपथपत्राबद्दल कारवाई का करू नये, याचा लेखी खुलासा द्यायचा. जन्मभर दुसऱ्यांच्या नावाने ‘कारणे दाखवा’ टाइप केलं. त्यात आपलंही नाव बसतं, हे त्या दिवशी कळलं.

तरी मनात होतं, दुसरं टेबल आहे ना! तसाच तहसीलकडे निघालो. तरुण वकील फाटकाशीच चहा पीत होता. बातमी माझ्या आधी पोचली होती.

“काका, दिवाणीत दावा होता हे मले काहून नाही सांगितलं? आता इथलंही बंद होते. दुसरा वकील पाहा,” म्हणत त्याने फाइल माझ्या छातीशी टेकवली.

रविवारी दादाच्या ओसरीवर गेलो. येताना धुऱ्यावरचं फाटक पाहिलं होतं. कुलूप परत लागलेलं. दादा मोसंबी सोलत बसला होता. मी बसलो, आणि तोंडातून माफीऐवजी भलतंच निघालं.

“दोन्ही नोटिसा तुलेच आल्या होत्या ना दादा? मंग तू कोर्टात काहून नाही सांगितलं?”

“माह्या वकील सांगणारच होता गा. त्याच्या आधी तूच उभा राहिला.”

मी खाली पाहत म्हणालो, “उद्या टेम्पो येऊन राहिला.”

दादाने एक फोड तोंडात टाकली, बी थुंकली आणि खुंटीवरची किल्ली काढली. “फाटक उघडतो. नवी कलमं तू लावून देशीन. आन् टेम्पो मी वळवीन. तू दूर उभा राय, तोंड बंद ठेवून.”

मी मान डोलावली. कोर्टातसुद्धा इतक्या पटकन डोलावली नव्हती. तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आल्या. त्यांनी आतून सगळं ऐकलेलं होतं. कप माझ्या हातात देत म्हणाल्या, “भाऊजी, आमच्या विहिरीचा अर्ज काहून नाही हलला, ते आज समजलं मले.”