दुसऱ्याच्या बाळाला पाजलं ते तीन दिवस

मुलगा चार महिन्यांचा झाला आणि माझी रजा संपली. नवरा रेल्वेत, बल्लारशाला. पंधरा दिवसांतून एकदा यायचा. माझी आई गेलेली, सासू गावी अंथरुणाला खिळलेली. जरीपटक्यातल्या भाड्याच्या खोलीत मी आणि बाळ, दोघंच. पहाटे उठून स्टोव्ह पेटवायचा, लंगोट धुवायचे, बाळाला पाजायचं आणि शेजारच्या सिंधी म्हातारीच्या मांडीवर ठेवून सायकल काढायची. तिला मी अम्मा म्हणायचे. फार मायाळू बाई. पण आमचं बोलणं बाळापुरतंच. दूध पिया, सो गया, थोडा रोया. माझं कसं चाललंय हे विचारणारं कोणी नव्हतं.

रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात बाळंतिणींच्या वॉर्डात मी नर्स होते. तिथं कुठलंही बाळ रडलं की मला पान्हा फुटायचा. युनिफॉर्मच्या साडीखाली, ब्लाउजच्या आत जुन्या धोतराच्या घड्या ठेवायचे. दुपारी न्हाणीघरात जाऊन दूध पिळून टाकायचे. ते पाण्याबरोबर वाहून जाताना बघवत नसे.

एकदा काटोलकडची एक बाळंतीण आली. पोट फाडून मुलगा झाला आणि तिसऱ्या दिवसापासून तिला ताप. शुद्ध नव्हती. डब्यातलं दूध पोराला पचेना, पाजलं की ओकायचा. रडून रडून त्याचा आवाज बसला. त्याची आजी त्याला घेऊन भिंतीशी बसली होती. मी इंजेक्शन द्यायला गेले तेव्हा तिची नजर माझ्या छातीवरच्या ओल्या डागाकडे गेली.

"तुले लेकरू हाय का वं?"

"हो आजी, चार महिन्यांचं."

ती हळूच म्हणाली, "कोण्या समाजाची वं तू?"

"बौद्ध."

ती भिंतीकडे बघत राहिली. मी सुई उकळायला वळले. माझ्या मनात राग आला होता, पण मागं ते पोर कण्हत होतं आणि माझ्या घड्यांवर घड्या भिजत होत्या. तिनं माझा पदर ओढला.

"घे वं बाई. मरून राहिलं लेकरू. पण कोणाले सांगू नको."

औषधांच्या खोलीत दार लावून मी त्याला पाजलं. आधी त्याला ओढताच येईना. मग इतकं जोरात ओढायला लागला की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. तीन दिवस, दिवसातून तीन-चारदा. आजी दाराबाहेर राखण करायची. पोराचा रंग पालटला.

त्या तीन दिवसांत संध्याकाळी घरी आले की माझा मुलगा छातीशी घेतल्यावर तोंड फिरवायचा. अम्मानं वाटी-चमच्यानं गाईचं दूध पाजलेलं असायचं, त्याचं पोट भरलेलं. मी तसंच त्याला मांडीवर घेऊन बसायचे. त्याच्या वाट्याचं दूध आपण दुसऱ्याला देऊन आलो असं वाटायचं, आणि दिलं नसतं तर मोरीतच गेलं असतं हेही कळायचं. कुणाशी तरी बोलावं असं फार वाटे. नवऱ्याला पत्र लिहायला बसले, तर बाळाला दोन दात येतायत एवढंच लिहिलं.

चौथ्या दिवशी बाळंतिणीचा ताप उतरला. पोराला जवळ घेऊन ती माझ्याकडे बघत म्हणाली, "सिस्टर, हा कसा टिकला वं एवढे दिवस?"

मी तोंड उघडायच्या आत आजी म्हणाली, "वरच्या दुधावर."

मी थर्मामीटर झटकला आणि पुढच्या खाटेकडे गेले. ते घरी गेले तो दिवस माझ्या सुट्टीचा होता.

महिन्याभरात माझ्या मुलानं अंगावर पिणं सोडूनच दिलं. अम्मा म्हणाली, "अच्छा हुआ बेटी, अब आराम से ड्यूटी कर."

मी हो म्हटलं.