बसलेला नव्हे, दाबलेला आवाज

कॉल सेंटरच्या चौथ्या मजल्यावर तिचं काम एकच: हेडफोन लावून रेकॉर्ड झालेले कॉल ऐकायचे आणि बोलणाऱ्याला गुण द्यायचे. अकरा वर्षं झाली. विशी-बाविशीतली मुलं तिला तोंडावर मावशी म्हणतात, पाठीमागे कानमावशी. दोन्ही तिच्यापर्यंत पोहोचतं.

त्या गुरुवारी सकाळी तिनं एका वीस वर्षांच्या मुलीचा कॉल ऐकला, अस्पष्ट उच्चारांसाठी दोन गुण कापले आणि थांबली. तिचाच सोमवारचा कॉल काढून दोन्ही लागोपाठ ऐकले. दिवसाला नव्वद कॉल घेणाऱ्यांचा घसा बसणारच. पण बसलेला आवाज खरखरतो. हा खरखरत नव्हता. गरम घास तोंडात धरून बोलावं तसा जड होता.

ती मुलीच्या खुर्चीपाशी गेली. "आ कर बघू."

"मावशी, आता कानावरून घशावर आलात होय?" टीम लीडर हसला. "जाऊन आलीये ती डॉक्टरकडे. घशातल्या स्ट्रेप जंतूची तपासणी केली, काही निघालं नाही. व्हायरल आहे."

"कधी केली?"

"मंगळवारी."

"आज गुरुवार आहे."

मुलीचं तोंड जेमतेम बोटभर उघडलं. लाळ गिळवत नव्हती. ती रुमालात टिपत होती. मान डावीकडे सुजली होती. सकाळपासून दोनदा हुडहुडी भरली, असं तिनं स्क्रीनवर टाइप केलं. खाली लिहिलं: शिफ्ट संपली की जाते.

"शिफ्ट गेली खड्ड्यात. ऊठ."

"अहो, चाळीस कॉल थांबलेत!"

"मग बस तू तिच्या जागी."

हॉस्पिटलात घशाच्या डॉक्टरीणबाईंनी टॉर्च मारला आणि पुढचं सगळं भराभर झालं. टॉन्सिलच्या बाजूला पू साचला होता. सूज वाढती तर श्वासाची वाट अडली असती. सुईनं पू काढला, सलाईनमधून अँटिबायोटिक सुरू केलं आणि मुलीला मानेच्या स्कॅनसाठी नेलं.

तोवर मुलीची आई कामावरून धावत आली होती. "पू निघाला ना? मग स्कॅन कशाला?"

"मंगळवारची तपासणी एकाच जंतूची होती," डॉक्टर म्हणाल्या. "या वयातल्या मुलांच्या घशात आणखी एक असू शकतो, हवेशिवाय वाढणारा. क्वचित तो मानेच्या शिरेत उतरतो, तिथे रक्ताची गुठळी होते. तिचे तुकडे फुप्फुसात जातात. पू लॅबला पाठवलाय, जंतूचं नाव कळायला दिवस लागतील. तेवढं थांबता येणार नाही. हिला हुडहुडी भरलीये, म्हणजे जंतू रक्तात उतरलेला असू शकतो."

आई बाकावर बसली. मग तिनं शेजारी बसलेल्या मावशीकडे पाहिलं. "तुम्ही तिच्या कोण?"

"मी तिचे कॉल ऐकते."

आईला काही कळलं नाही. तिनं मान हलवली आणि पुन्हा दाराकडे नजर लावली.

चाळीस मिनिटांनी दार उघडलं. "शीर मोकळी आहे," डॉक्टर म्हणाल्या. "गुठळी नाही. पण औषधाचा एकही डोस चुकता कामा नये."

"आत जाऊ?" आईनं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता गेली.