पांढरी मुळं

"दम धरा. जीव हाय त्यात, औषध न्हाई."

सोनपेठच्या बाजारात माझं ठिबकच्या नळ्यांचं दुकान आहे. भिंतीपलीकडं अप्पांचं बी-बियाण्यांचं होतं आणि हे वाक्य दिवसभर तिकडून ऐकू यायचं. गळ्यात लिंग, कपाळाला भस्म आणि पायाला भिंगरी. दुसऱ्याला दम धरायला सांगणारी अशी उतावीळ माणसं तुम्हीही पाहिली असतील. अप्पांना चहा निवेपर्यंतसुद्धा थांबवत नसे. जीभ पोळून घ्यायचे आणि चहावाल्यावर चिडायचे.

तो जीव म्हणजे अप्पा विकायचे त्या बाटलीतले जिवाणू. मोसंबीला डिंक्या लागला की मुळं कुजतात, खोडातून डिंक गळतो, झाड पिवळं पडत जातं. हे चांगले जिवाणू शेणखतात कालवून मुळाशी घातले की तिथं वस्ती करतात आणि रोगाला जागा ठेवत नाहीत. पण सगळं सावकाश. शिवाय उन्हात तापले की मरतात. परभणीहून एसटीनं खोकं यायचं असलं की अप्पा स्टँडवर येरझारा घालत असायचे. आल्याबरोबर डोक्यावरचा रुमाल काढून त्यावर टाकायचे.

"अप्पा, लेकरू आणलं का काय?" कंडक्टर विचारायचा.

"लेकरूच हाय," म्हणत अप्पा सावली धरून निघायचे.

एकदा एक शेतकरी म्हणाला, "मोरचुदाचं औषध अन् हे एकाच ड्रमात कालवतो. एका खेपंत काम उरकंल." अप्पांनी त्याच्या हातातली बाटली काढून घेतली. "मांजर अन् उंदीर एका पोत्यात घालायलाव का? मोरचुदानं मरतंय हे. जावा, मला विकायची न्हाई." तो माणूस हसला, पण ऐकून गेला. त्याची बाग सुधारली, तेव्हा टोपलंभर मोसंबी घेऊन आला.

मग अप्पांच्याच बागेत डिंक्या शिरला.

त्यांनी जिवाणू घातले आणि त्या दिवसापासून त्यांचं दुकानात लक्ष लागेना. गिऱ्हाईक समोर उभं आणि हे गाडीला किक मारून बागेत. पानं पिवळीच होती. बाजारात लोक तोंडावर विचारायचे, "अप्पा, तुमच्याच झाडाला गुण येईना का?" ते हसण्यावारी न्यायचे, पण ते त्यांना फार लागत होतं.

एका सकाळी कळलं की शेजारच्या शिवारात जेसीबी आला आहे, संध्याकाळी परत जाणार. अप्पा उठलेच. त्यांची बायको, आमच्या काकू, म्हणाल्या, "पालवीपतुर तरी थांबा." मीही तेच म्हणालो.

"मला बगवंना झालंय," म्हणाले. "बागच काढून टाकतो आता."

मी दोघांबरोबर गेलो. जेसीबीनं एकेक झाड मुळासकट उपटून बांधाकडं लोटायला सुरुवात केली. अप्पा तिकडं पाठ करून उभे होते. तिसरी ओळ संपत आली तेव्हा काकू खाली वाकल्या आणि त्यांनी हाक मारली. पडलेल्या झाडाच्या काळ्या, कुजक्या मुळांमधून बारीक पांढरी मुळं फुटली होती. झाड सावरत होतं.

अप्पांनी हात वर करून यंत्र थांबवलं. एक मूळ तोडून तळहातावर घेतलं आणि कितीतरी वेळ बघत राहिले. नंतर बांधाकडं लोटलेली झाडंही त्यांनी उलथून पाहिली. सगळ्यांना नाही, पण बऱ्याच झाडांना ती मुळं होती.

त्यानंतर त्यांनी जिवाणूंची बाटली विकली नाही. कुणी मागितली तर म्हणायचे, "माझ्याच्यानं दम निघाला न्हाई. तुमाला कोण्या तोंडानं सांगू?" वर्षभरात दुकान उठवलं आणि दोघं लेकीकडं लातूरला गेली. भिंतीपलीकडं आता मोबाईलचं दुकान आहे. मला अजून करमत नाही.

उरलेली बाग त्यांचा धाकटा भाऊ बघतो. यंदा झाडं फळांनी वाकली आहेत. मी मुद्दाम जाऊन पाहिली आणि तिथूनच अप्पांना फोन लावला. म्हटलं, "अप्पा, तुमच्या बाटलीनं बाग वाचली. फांद्यांना टेकू द्यावे लागलेत."

"अन् त्या तीन ओळींत काय हाय आता?" त्यांनी विचारलं.

मी तिकडं पाहिलं. "तूर हाय," म्हणालो.