गळ्यापर्यंत पाणी

आमची शाळा भातकुलीच्या पुढे. इंग्रजीचे सर आणि मी रोज अमरावतीहून एकाच एसटीने येतो, दोघांच्याही पिशवीत घरून भरलेली पाण्याची बाटली. हा खारपाणपट्टा. विहीर तुडुंब भरलेली असली तरी तिचं पाणी तोंडात धरवत नाही, अन् नळ येईल तेव्हा खरा.

सरांची शिकवायची तऱ्हा ठरलेली. एक ओळ वाचायची, मराठीत सांगायची, घोटभर पाणी प्यायचं. मग स्वतःच, "समजलं? नाई समजलं. चला समोर." नववीला दरवर्षी ते ग्रीकांची एक गोष्ट शिकवतात. देवांनी एका राजाला गळ्यापर्यंत पाण्यात उभं केलं. तो प्यायला वाकला की पाणी खाली सरकतं. माझा गणिताचा वर्ग शेजारी, मधे नुसतं पार्टिशन, त्यामुळे तो राजा मलाही पाठ झालाय.

यंदा एक मुलगी उठली. "सर, त्याले अशी सजा कावून देल्ली?"

"देवांच्या पंगतीत चोरी केली त्यानं."

"अन् आमच्या गावानं काय केलं जी?"

आवाजात तक्रार नव्हती. परीक्षेत येईल म्हणून विचारावं, तसं तिनं विचारलं.

सरांनी बाटलीचं झाकण घट्ट फिरवल्याचा आवाज तेवढा पार्टिशनच्या अलीकडे आला.

आता ते वर्गात पाणी पीत नाहीत. तास संपला की स्टाफरूममध्ये येऊन, भिंतीकडे तोंड करून पितात. मीही तिथंच पितो. आम्ही एकमेकांकडे बघत नाही.