लोलकाला बांधलेला दोरा

चष्मेवाल्यांना नाद एकच, पिनबॉलची, म्हणजे बटणं दाबून लोखंडी गोळी उडवत ठेवायच्या खेळाची, जुनी यंत्रं दुरुस्त करायचा. चष्म्यांच्या दुकानामागच्या खोलीत तीन यंत्रं नांदत होती. लाकडी पायांचं, खरीखुरी घंटा वाजवणारं सगळ्यांत म्हातारं; गुणांची चाकं खडखड फिरवणारं मधलं; आणि लाल आकडे लुकलुकवणारं शेंडेफळ. "माझ्या या तीन सवती," बायको म्हणायची, "एकीने कधी भांड्याला हात लावला असेल तर शपथ!"

चौथं यंत्र थोरल्या भावाच्या घरी होतं. दादांनी असल्या यंत्रांचं आपलं खेळघर बंद केलं तेव्हा तेवढं एक ठेवून घेतलं होतं. त्याची घंटा मुकी झाली, म्हणून वहिनींचा फोन आला.

"भावजी, तेवढी घंटा बघा. बाकी कशाला हात लावू नका हं."

पण हात न लावणं चष्मेवाल्यांच्या स्वभावातच नव्हतं. ते गेले तेव्हा दादा फिरायला बाहेर पडले होते. घंटेची सुटलेली तार जोडून झाली, तरी हे आत डोकावतच राहिले. खेळणाऱ्याने लबाडीने यंत्र हलवलं, की आतला लोलक भोवतालच्या कडीला टेकतो, दिवे विझतात आणि डाव बाद होतो. इथे तो लोलक काळ्या दोऱ्याने आवळून बांधलेला!

"वहिनी, हे कुणा शहाण्याचं काम?" ते स्वयंपाकघराकडे तोंड करून हसत ओरडले. "असल्याला यंत्राजवळ उभं करू नये!" आणि कात्रीने दोरा कापला.

चहा घेऊन आलेल्या वहिनी तशाच थबकल्या. त्या काही बोलणार, तोच दादा दारात.

"झाली का रे घंटा?"

दादांनी उजवा हात खिशातून काढला. तो थरथरत होता. बटणावर टेकवला, तर सगळं यंत्र शहारलं. गोळी वर गेली, घंटा खणाणली आणि दिवे विझले. डाव बाद. पुन्हा खेळले, पुन्हा बाद.

"मीच जोर लावला असेल," दादा हळूच म्हणाले. हात परत खिशात गेला. "घेऊन जा हे तुझ्याकडे. आता पुरे झालं."

वहिनी फरशीकडे बघत होत्या. चष्मेवाल्यांना दोऱ्याचा अर्थ कळला. गेल्या कित्येक भेटींत आपण भावापेक्षा यंत्राशीच जास्त बोललो. हात खिशात का असतो, हे विचारलंसुद्धा नाही. वर दोरा बांधणाऱ्या त्या माउलीलाच 'शहाणा' म्हणून हसलो.

"दादा, थांब," ते कसंबसं म्हणाले. "चूक माझीच. तार जोडताना लोलक ढिला ठेवला मी."

"ढिला? एवढी यंत्रं उघडलीस, आणि?"

"हो."

"शाळेतही हातचा विसरायचास!"

दादा पाठमोरे होऊन चष्मा पुसू लागले. तेवढ्यात वहिनींनी शिवणाच्या डब्यातलं काळं रीळ न मागता दिराच्या हातात ठेवलं. चष्मेवाल्यांना वर बघवेना. त्यांनी लोलक बांधला, पण वहिनींसारखी घट्ट गाठ काही लवकर बसेना.

या वेळी दिवे विझले नाहीत. घंटा वाजतच राहिली.

"बघ, आता कसं! नीट शिकून घे जरा," दादा खेळता खेळता म्हणाले.

"शिकतो," म्हणून चष्मेवाले हत्यारं आवरायला वाकले. आवरून झाली, तरी वाकलेलेच राहिले.

"भावजी," वहिनी म्हणाल्या, "चहा गार झाला. दुसरा टाकते."