गिटारीच्या वायरीचं दुसरं टोक

गेल्या वर्षीच्या कापणीच्या सणाला कृपा भिंगारदिवे यांनी चर्चमध्ये गिटारीवर सगळी गीतं वाजवली आणि त्यांतला एकही सूर कुणाला ऐकू गेला नाही. हे त्यांना कळलं ते सण आटोपल्यावर, भोपळ्यांचा आणि कोंबड्यांचा लिलाव संपून मंडळी जेवायला बसल्यावर. सतरंज्या उचलताना त्यांनी गिटारीची वायर ओढली, तर ती सरसर हातात आली. दुसरं टोक कुठंच जोडलेलं नव्हतं. साउंड मिक्सरपासून हातभर अंतरावर, सतरंजीखाली, ते नुसतं पडून होतं.

ती वायर तशीच हातात धरून त्यांनी इसहाककाकांना गाठलं. इसहाककाका म्हणजे चर्चच्या कमिटीचे सेक्रेटरी. गावात त्यांचं खताचं दुकान होतं, आणि सणाचा मांडव, जेवण, स्पीकर हे सगळं तेच ठरवत.

"काका, ही वायर लावलीच नव्हती व्हय?"

"अगं, मिक्सरला जागा कुठं होती? कीबोर्ड, तबला, पाळकसाहेबांचा माइक, लिलावाचा माइक." काकांनी जिलेबीचा तुकडा मोडला. "आणि तुझी गिटार दिसायला बरी दिसते. फोटोत शोभा येते. आवाजाचं एवढं काय घेऊन बसलीस?"

कोपरापासून अंगठ्यापर्यंत वायरीचे वेढे घेत त्या घरी आल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, "पुढल्या सणाला माझी गिटार ऐकू येनार. त्यांच्या मिक्सरमधून न्हाई, माझ्या सोताच्या डब्यातून."

जॉन भिंगारदिवे सुप्याच्या कारखान्यांचा माल टेम्पोतून वाहत असत. बायकोच्या आवाजातला हा सूर त्यांच्या ओळखीचा होता, तरी त्यांनी विचारून पाहिलं.

"डबा इकत आनायचा?"

"बनवायचा."

"मग संध्याकाळचा सैपाक?"

"गॅस पेटवता येतो न्हवं तुमाला?"

विकतचा अँप्लिफायर न घेण्यामागे कृपाबाईंचं कारण होतं. लग्नाआधीपासून त्या नगरजवळच्या नागापूरच्या एका वर्कशॉपमध्ये वाइंडिंगचं काम करत होत्या. जळलेल्या मोटारी आणि ट्रान्सफॉर्मर उघडणं, आतली काळी पडलेली तार उपसणं, नवी भरणं, हा त्यांचा रोजचा उद्योग. बाहेरून चकचकीत असलेल्या वस्तूच्या पोटात तांब्याच्या नावाखाली काय काय भरलेलं असतं, हे त्यांनी इतक्या वेळा पाहिलं होतं की बंद झाकणावर त्यांचा विश्वासच उरला नव्हता. जे आपण उघडून पाहिलं नाही ते आपलं नाही, असं त्या म्हणत. गिटार मात्र याच्या कितीतरी आधीची. मिशनच्या वसतिगृहात शिकत असताना तिथल्या एका नर्सबाईंनी शिकवलेली. एवढ्या वर्षांत त्या वाजवत आल्या, पण कीबोर्डच्या मागे बसून.

ट्रान्सफॉर्मर त्यांनी स्वतःच गुंडाळला. मालकाची परवानगी घेऊन, सुट्टीच्या दिवशी, नव्या कोऱ्या लोखंडी पट्ट्यांवर. भंगारातल्या गंजक्या पट्ट्या घासून वापरायची तिथली रीत होती. ती त्यांनी या कामापुरती पाळली नाही. तारेचं टोक ब्लेडनं खरवडून आत लाल तांबं दिसल्यावरच त्यांनी रीळ चढवलं. प्रत्येक थरावर कागद घातला आणि शेवटी तो सगळा गोळा वार्निशमध्ये असा बुडवला की एकही पट्टी सैल राहू नये. सैल पट्टी घुमते. काम थोडं करून सारखा घुमणारा ट्रान्सफॉर्मर पाहिला की त्यांना कमिटीची बैठक आठवे.

बाकीचे भाग घ्यायला त्या नगरला गेल्या, तेव्हा पुढचा सण दोन महिन्यांवर आला होता. कापड बाजाराच्या मागच्या गल्लीत गोरक्षनाथांचं सुट्या भागांचं दुकान होतं. गिऱ्हाईक बहुतेक डीजेवाली पोरं. गोरक्षनाथांनी त्यांच्यासमोर वीज साठवणारा कपॅसिटर ठेवला. कृपाबाईंनी त्यावरचा आकडा वाचला आणि तो परत सरकवला.

"गोरखशेठ, पस्तीस व्होल्टचा नको. त्रेसष्टचा द्या."

"ताई, तुमच्या सप्लायला पस्तीस बास हाय. समदी पोरं ह्योच नेत्यात."

"आमच्याकडं शेतातल्या मोटारी एकदम बंद झाल्या की घरातला बल्ब पांढराफेक पडतो. पस्तीसचा फुटंल."

"तुमच्या गावाला तारंतून वीज येती का पूर?"

"पूर. म्हनून बंधारा उंच लागतो."

गोरक्षनाथ हसले आणि त्यांनी वरच्या फळीवरचा मोठा कपॅसिटर काढला. मग आवाज वाढवणारा ट्रान्झिस्टर आला. कृपाबाईंनी अंगठा ओला करून त्याच्या पाठीवर घासला. छापलेली अक्षरं अंगठ्याला लागली, म्हणजे माल नकली. त्यांनी अंगठा वर करून दाखवला. गोरक्षनाथांनी आतला ड्रॉवर उघडला आणि दुसरा दिला. आवाज कमीजास्त करायचं बटण निवडताना तर त्यांनी समोरची सगळी बटणं एकेक करून फिरवली आणि कुठंही न अडखळता, लोण्यातून सुरी फिरावी तसं फिरलं, तेच घेतलं.

इथवर सगळं त्यांच्या मनासारखं झालं. घोटाळा झाला तो स्पीकरपाशी.

वाइंडिंगच्या धंद्यात वजन हीच ओळख. जड ट्रान्सफॉर्मर म्हणजे आत तांबं आणि लोखंड पुरतं भरलेलं. हलका म्हणजे फसवणूक. त्याच हिशेबानं कृपाबाईंनी दुकानातले स्पीकर हातांत धरून तोलले आणि सर्वांत जड, पाठीवर खलबत्त्याएवढं चुंबक असलेला निवडला.

"ताई, ह्यो डीजेचा हाय. ह्याचा कागद बघा कसला जाड. ढोल वाजंल ह्यात. गिटारला हलका कागद लागतो."

"हलकं काय असतं ते मला नका शिकवू. हलका माल आमी रोज फेकतो."

"बरं, न्या. परत आनाल तेव्हा चा पाजतो."

महिनाभरात डबा उभा राहिला. जॉननी टेम्पोतून सागवानी फळ्या आणून खोकं ठोकून दिलं. बटण दाबल्यावर कुठं घुमणं नाही, खरखर नाही. खोलीत इतकी शांतता की भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू यावी. जॉननी भुवया उंचावल्या. मग कृपाबाईंनी पहिली तार छेडली.

आवाज आला. पण घोंगडी पांघरून कुणी बोलावं तसा. जाड तारा धमधम करत होत्या आणि बारीक तारा आहेत की नाहीत हेही कळत नव्हतं. त्यांनी बटणं फिरवली, वायरी तपासल्या, सोल्डरिंगचे डाग पुन्हा दिले. आवाज घोंगडीतून बाहेर येईना.

"मिरवनुकीला चालंल," जॉन हळूच म्हणाले.

कृपाबाईंनी गिटार खाली ठेवली. गोरक्षनाथ दुकानात जे म्हणाले होते ते शब्दाशब्दानं खरं होतं आणि आपण ते केवळ कुणाचं ऐकायचं नाही म्हणून ऐकलं नव्हतं, हे त्यांना कळलं. ते पचवायला रात्र गेली. इसहाककाकांकडं पाठ फिरवणं सोपं होतं. एका दुकानदारापुढं जड स्पीकर परत ठेवणं त्याहून कठीण. पण सण जवळ आला होता आणि घोंगडीतला आवाज घेऊन चर्चमध्ये जायचं नव्हतं.

गोरक्षनाथांनी त्यांना पाहताच चहा सांगितला.

"हसू नका," कृपाबाई म्हणाल्या. "हलका काढा."

गोरक्षनाथांनी माळ्यावरून एक जुना स्पीकर उतरवला. कुण्या जुन्या लाकडी रेडिओतला, पाठीवर छोटंसं चुंबक, कागद इतका पातळ की उजेडासमोर धरला तर बोटांची सावली दिसावी. कृपाबाईंनी कागदावर नखानं टिचकी मारली. सुपात ज्वारीचा दाणा पडावा तसा स्वच्छ आवाज आला.

"ह्यो देतो. पन एकदा म्हना, गोरख खरं बोलला हुता."

"आधी वाजू द्या."

त्याच संध्याकाळी त्यांनी गोरक्षनाथांना फोन लावला आणि तो डब्यासमोर ठेवून एक अख्खं गीत वाजवलं. मग फोन कानाला लावून म्हणाल्या, "गोरख खरं बोलला हुता," आणि लगेच ठेवून दिला.

सणाच्या सकाळी त्या डबा घेऊन चर्चमध्ये शिरल्या, तेव्हा वेदीसमोर भोपळे, कणसं आणि पाय बांधलेल्या कोंबड्या मांडणं चालू होतं. त्यांनी आपली खुर्ची कीबोर्डच्या मागून ओढून पुढं आणली. इसहाककाका तातडीनं आले.

"हे काय आणलंस? कमिटीला विचारलंस का?"

"मागल्या साली वायर न लावताना मला कुनी इचारलं हुतं?"

"अगं, आवाज एकच असावा. सगळा मिक्सरमधून. दोन दोन ठिकाणांहून नको."

"माझा एकच हाय, काका. ह्या डब्यातून."

"निदान बंद तरी ठेव. शोभेला राहू दे."

कृपाबाईंनी त्यांच्या डोळ्यांदेखत बटण दाबलं. लाल दिवा लागला. तेवढ्यात पाळकसाहेब उभे राहिले, मंडळीही उभी राहिली, आणि उभ्या मंडळीसमोर भांडणं काकांना शक्य नव्हतं.

पहिल्या गीताच्या पहिल्या ओळीलाच पुढच्या रांगेतल्या बायकांनी माना वळवल्या. कीबोर्डवाल्यानंही वळून पाहिलं. बारीक तारांचा आवाज तबल्याच्या वरून, माइकच्या बाजूनं, थेट शेवटच्या बाकापर्यंत जात होता. दाराशी उभे असलेले जॉन हात बांधून छताकडं पाहत राहिले.

दुसऱ्या गीताच्या तिसऱ्या कडव्यात कृपाबाईंचं बोट घसरलं. फरशीवर ताट पडावं तसा चुकीचा सूर साऱ्या चर्चभर वाजला. मागं कुणीतरी हसलं. त्यांचा हात क्षणभर बटणाकडं गेला, पण आवाज त्यांनी कमी केला नाही. पुढची ओळ होती तेवढ्याच मोठ्यानं वाजवली.

उपासना संपताच इसहाककाका आले. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं.

"तिसऱ्या कडव्यात चुकलीस. सगळ्यांनी ऐकलं."

"व्हय, चुकले. आता सांगा, मागल्या साली मी कितींदा चुकले हुते?"

काकांनी एकवार मिक्सरकडं पाहिलं, मग लिलावाचा माइक शोधायला निघून गेले.

जेवणानंतर जॉन डबा उचलायला आले. "टेम्पोत टाकू?"

"राहू द्या हितंच. रविवारी लागंल."

कृपाबाईंनी वायरही काढली नाही. तिचं एक टोक खुर्चीला टेकवलेल्या गिटारीत होतं आणि दुसरं डब्यात.