कॉक्सचा आवाज

माझ्या वडिलांचा आवाज त्यांच्या अंगापिंडाला शोभत नाही. माणूस लहानखुरा, खांदे उतरते, तयार शर्ट घेतला की बाह्या दुमडाव्या लागणारा. आवाज मात्र असा, की शिवडीच्या आमच्या इमारतीत पाण्याचा टँकर आल्याची बातमी वॉचमनच्या आधी त्यांच्याकडून वरच्या मजल्यावर पोचते. आई म्हणते, "खोकं एकाचं आणि स्पीकर दुसऱ्याचा बसवलाय."

हा आवाज त्यांना कॉलेजात सापडला. बुद्धभूषण शामराव गमरे, नायगावच्या बीडीडी चाळीतला मुलगा, वडील गिरणीत साच्यावर कापड विणणारे. गिरण्यांच्या संपानंतरच्या वर्षांत पप्पा पुण्याला इंजिनिअरिंगला गेले. कॉलेजचा नदीकाठी बोट क्लब होता. चौघांची लांब, निमुळती बोट. वल्हवणारे चौघे जायच्या दिशेकडे पाठ करून बसतात. पाचवा त्यांच्याकडे तोंड करून बसतो, सुकाणूच्या दोऱ्या धरतो आणि हुकूम देतो. तो कॉक्स. कॉक्स हलका हवा, कारण तो वल्हवत नाही, नुसतं ओझं असतो.

"कॉलेजात मला कशावर घेतलं, याची चर्चा पुष्कळांनी केली," पप्पा सांगतात. "बोटीत वजनावर घेतलं. त्यावर कुणाची हरकत नव्हती."

कॉक्सच्या अगदी समोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ जो बसतो तो स्ट्रोक. तो जी लय धरतो ती मागचे तिघे धरतात. पप्पांसमोर रघुवीर परब बसायचे, लालबागचे. दोघांच्याही घरी तेव्हा गिरणीचा पगार येत नव्हता. सरावानंतर क्लबात दूध आणि उकडलेली अंडी मिळायची, आणि आपण बोटीत बसलो ते अंड्यांसाठी, असं रघुकाका उघड सांगायचे. "हा भूषण्या ओरडायचा म्हणून वल्हवलं नाहीतर मी कशाला मरायला जातोय. ह्याच्या तोंडाचा पट्टा थांबेपर्यंत हात थांबवायची सोय नव्हती मेल्याची."

ते खरंच होतं. वल्हवणाऱ्याला पुढचं काही दिसत नाही, म्हणून कॉक्स सांगतो तेव्हा सुरू करायचं आणि तो सांगतो तेव्हाच थांबायचं. 'रेडी ऑल' म्हटलं की पाठ ताठ. 'रो' म्हटलं की वल्हं पाण्यात. 'ईझी ऑल' म्हटलं की हात सैल. मधे छाती फुटली तरी थांबायचं नाही.

पप्पांनी पुढे बंदरात क्रेनच्या खात्यात नोकरी केली, रघुकाकांनी एका रंगाच्या कारखान्यात. लग्नं झाली, आम्ही मुलं झालो. पण बोट सुटली नाही. मुंबईतल्या जुन्या वल्हेकऱ्यांचा एक ग्रुप आहे, आणि त्याच्या बातम्या दर रविवारी पप्पा लिहितात. कोण आजोबा झालं, कुणाचा गुडघा बदलला, कुणाच्या मुलीचं अरंगेत्रम आहे, कोण गेलं. जानेवारीत दादरला मेळावा भरतो. बटाटेवडे, पियूष, सत्काराची शाल आणि नारळ, आणि कुणीतरी प्रत्येक वर्षी तीच शर्यत सांगतो, जी प्रत्येक वर्षी थोडी जास्त चुरशीची होते.

रघुकाकांना विस्मरणाचा आजार झाला. आधी त्यांना घरी येताना आपला जिना सापडेना. मग सुचित्राकाकू, त्यांची बायको, त्यांना कधी आई वाटायची, कधी कुणी परकी बाई. सगळ्यात वाईट म्हणजे अंघोळ. पाणी बघितलं की ते दार धरून उभे राहायचे आणि काकूंना ढकलायचे. काकूंचं स्वतःचं वय साठीला आलेलं, मनगट एकदा मोडलेलं.

एका सकाळी त्या ढकलाढकलीतच पप्पांचा फोन गेला. काकूंनी स्पीकरवर टाकला आणि रडायलाच लागल्या. "भावोजी, मला नाही आवरत हो आता." पलीकडे रघुकाकांचा आरडाओरडा. पप्पा आमच्या स्वयंपाकघरात चहाचा कप घेऊन उभे होते. त्यांनी काय विचार केला मला माहीत नाही. केला असेल असं वाटत नाही. ते एकदम ओरडले, "ए स्ट्रोक! रेडी ऑल!"

फोनमधला आरडाओरडा थांबला.

"रो," पप्पा म्हणाले, हळू.

थोड्या वेळानं काकूंचा आवाज आला, जणू कुणी झोपलेलं उठेल अशा बेतानं. "बसले. स्टुलावर बसले हो."

त्या दिवसापासून रोज सकाळी लालबागहून फोन यायचा. रेडी ऑल, रो, अंघोळ. रेडी ऑल, रो, चार घास. झालं की ईझी ऑल, आणि रघुकाका हात मांडीवर ठेवायचे. आई भाजी चिरता चिरता म्हणायची, "या घरात तुमच्या आवाजाला कोणी भीक घालत नाही, आणि तिकडे लालबागला माणूस अंघोळ करतोय."

"बोटीत बसावं लागतं त्याला," पप्पा म्हणायचे. फार खूश असायचे त्या दिवसांत.

सुशांत, रघुकाकांचा मुलगा, ठाण्याला असतो. तो वाईट नाही. कर्जतच्या पुढे अशा रुग्णांसाठी एक जागा आहे, ती तो बघून आला होता. आईचे हात त्यानं पाहिले होते, निळे पडलेले. पण फोनवरची अंघोळ स्वतः पाहिल्यावर तो दारातच उभा राहिला, चष्मा पुसत. "काका, हे चालतंय तोवर बाबा घरी," तो पप्पांना म्हणाला. "ज्या दिवशी चालणार नाही त्या दिवशी मला आईचा विचार करावा लागेल." म्हणजे रघुकाकांचं घर आता पप्पांच्या घशावर उभं होतं. सगळ्यांना ते माहीत होतं.

पप्पांनी रविवारच्या बातम्यांत लिहिलं, 'आपला स्ट्रोक फॉर्मात आहे.' आजाराबद्दल त्यांनी लिहिलं होतं, पण एकाच ओळीत, आणि त्या ओळीनंतर लगेच हे. लोकांनी अंगठे पाठवले. मग मागणी आली : या मेळाव्याला रघूला आणाच.

"गर्दीत नको हो, भावोजी," काकू म्हणाल्या.

"गर्दी कुठली वहिनी? आपलीच माणसं. बघा तुम्ही, सगळे दिसले की त्याला काहीतरी उलगडेल."

"आणि नाही उलगडलं तर?"

"मी आहे ना समोर."

या वाक्यावर काकूंनी होकार दिला. मी तिथे होते. त्यांनी पप्पांकडे पाहिलं ते अशा विश्वासानं, की मला दुसरीकडे बघावं लागलं.

मेळाव्याच्या दिवशी आम्ही लालबागहून टॅक्सीनं त्यांना आणलं. रघुकाकांना इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता, केस ओले करून बसवले होते. हॉलच्या दारातच शरच्चंद्र लिमये भेटले, गिरगावचे, चौघांतले, रघुकाकांच्या मागे सर्वांत शेवटी बसणारे. त्यांनी मिठी मारली आणि तो प्रश्न विचारला, जो सगळेच विचारतात. "ओळखलंस का रे मला?"

रघुकाका सौजन्यानं हसले. "या ना, बसा. चहा घेणार?"

"चहा कसला पाजतोस, माझा टॉवेल दे परत, होस्टेलमधला," शरदकाका म्हणाले. लोक हसले. रघुकाकाही हसले, कारण लोक हसत होते. सगळं ठीक चाललं होतं. शाल घातली, नारळ दिला. त्यांनी नारळ कानाशी नेऊन हलवून पाहिला आणि पाणी आहे म्हणून मान डोलावली. त्यावरही टाळ्या.

मग शरदकाकांनी खुर्च्या मांडायला घेतल्या. एकामागे एक चार, आणि त्यांच्यासमोर एक. ग्रुपमध्ये कुणीतरी हे आधीच ठरवलं होतं. चौघांतले प्रभाकर कोविडात गेले; त्यांची खुर्ची रिकामी ठेवली. शरदकाका बसले, मनू केणी पोट सावरत बसले. रघुकाकांना कॉक्सच्या लगतच्या खुर्चीवर बसवलं.

"भूषण, दहाच स्ट्रोक," मनूकाका म्हणाले. "माझी बायपास झालीय, लक्षात ठेव."

पप्पांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी नाही म्हटलं नाही, हो पण म्हटलं नाही. पप्पा समोरच्या खुर्चीवर बसले आणि गुडघे रघुकाकांच्या गुडघ्यांना टेकवले. त्या क्षणी त्यांचा चेहरा पाहिल्यावर मला कळलं, की हे लोकांसाठी चाललेलं नाही. त्यांना स्वतःलाच आशा होती.

"रेडी ऑल."

रघुकाकांची पाठ सरळ झाली. इतक्या महिन्यांत वाकलेली पाठ. हात पुढे गेले, मुठी वळल्या.

"रो!"

आणि ते वल्हवायला लागले. ते किती सुंदर होतं ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातूनच आलं. वल्हं पाण्याबाहेर येताना मनगटं जशी वळतात तशी वळत होती, कमरेतून अंग मागे जात होतं आणि क्षणभर थांबून पुढे येत होतं. मागचे दोघे म्हातारे त्या लयीत आपोआप ओढले गेले. रिकामी खुर्चीसुद्धा हलतेय असं वाटलं. हॉल उभा राहिला. टाळ्या, शिट्ट्या, कॉलेजच्या घोषणा. सगळे फोन वर. पप्पा मोजत होते आणि त्यांचे गाल ओले झाले होते.

"ईझी ऑल!"

शरदकाका थांबले. मनूकाका छातीवर हात ठेवून हसायला लागले. रघुकाका थांबले नाहीत.

"ईझी ऑल, रघू."

हॉलमध्ये गलका होता; शर्यतीच्या शेवटच्या टप्प्यात नदीचा काठ असाच ओरडत असणार. पप्पांनी आवाज चढवला. "ईझी ऑल! रघू! ईझी ऑल!"

आवाज चढला तसे रघुकाका जोरात ओढू लागले. शर्यतीत कॉक्सचा आवाज चढतो तो जीव काढून ओढा, हे सांगण्यासाठी. शब्द त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हते, चढ तेवढा पोचत होता. हे त्या हॉलमध्ये सगळ्यांत आधी पप्पांना कळायला हवं होतं. पण थांबवण्याचा एकच मार्ग पप्पांना ठाऊक होता, आणि ते तोच वापरत राहिले, आणखी मोठ्यानं. खुर्ची लादीवर खरवडत मागे जाऊ लागली. रघुकाकांचे ओठ पांढरे पडले. कुणीतरी त्यांचा दंड धरला, त्याच्या तोंडावर कोपर बसलं. टाळ्या तुटक तुटक होत थांबल्या, आणि मग फक्त पप्पांचा आवाज उरला.

सुचित्राकाकू खुर्च्यांमधून वाट काढत आल्या. त्यांनी नवऱ्याला हात लावला नाही. त्यांनी पप्पांच्या तोंडावर तळवा दाबून धरला.

"पुरे. पुरे हो."

रघुकाका त्यानंतरही वल्हवत राहिले, पण बटण बंद केलेल्या पंख्यासारखे, कमी कमी होत. मग थांबले. त्यांची पँट ओली झाली होती. काकूंनी सत्काराची शाल त्यांच्या खांद्यावरून काढून कमरेला गुंडाळली आणि त्यांना उठवलं. वाट करून देताना सगळी माणसं भिंतीला चिकटून उभी होती.

संध्याकाळपर्यंत व्हिडिओ ग्रुपवर फिरला. ज्यानं टाकला त्यानं टाळ्या चालू असेपर्यंतचाच भाग ठेवला होता. 'वन्स अ स्ट्रोक, ऑलवेज अ स्ट्रोक,' अमेरिकेतून कुणीतरी लिहिलं. पप्पांनी रविवारी लिहिलं, 'मेळावा पार पडला. उपस्थिती चांगली होती.' त्याखाली काही नाही.

मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखा फोन आला होता. "रेडी ऑल," पप्पा म्हणाले, अगदी हलक्या आवाजात. पलीकडे बादली उलटल्याचा आवाज आला, मग काकूंची किंकाळी. रघुकाका स्टुलावर बसून वल्हवत होते. कोपर नळावर आपटून फुटलं होतं. पप्पांनी दुसरे शब्द वापरून पाहिले. मराठीत बोलून पाहिलं. नुसतं "रघू, अरे मी" म्हणून पाहिलं. आवाज ऐकला की हात सुरू व्हायचे, आणि चेहऱ्यावर भीती.

"भावोजी," काकू शेवटी म्हणाल्या, "रागावू नका. पण तुमचा आवाज नको आता."

"नाही नाही," पप्पा म्हणाले. "बरोबर आहे तुमचं."

कर्जतची जागा महिन्याभरात रिकामी होणार आहे. सुशांतनं पैसे भरले. तोवर दोन माणसं ठेवली आहेत, तरुण आहेत, दंडात ताकद आहे.

पप्पा आठवड्यातून दोनदा लालबागला जातात. आईनं एकदा विचारलं, "जाऊन करता काय?" ते म्हणाले, "बसतो."

परवा मी बरोबर गेले. रघुकाका खिडकीशी होते. पप्पा आत शिरले ते ओठ मिटून, पायातली चप्पल हातानं काढून ठेवत, आवाज होऊ नये म्हणून. ते समोर जाऊन बसले. रघुकाकांनी त्यांच्याकडे पाहिलं, ओळख नव्हती, पण राग किंवा भीतीही नव्हती. "या ना," ते म्हणाले. पप्पांनी मान हलवली.

मग ती दोन माणसं आली आणि रघुकाकांना दोन्ही बाजूंनी धरून न्हाणीघरात घेऊन गेली. दार लागलं. आतून रघुकाका ओरडत होते, शब्द नव्हते, मधूनच एखादा मालवणी शिवीचा तुकडा. पाणी पडत होतं. पप्पांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले होते आणि ते दाराकडे बघत होते.

काकू चहाची किटली घेऊन आल्या. त्यांनी पप्पांच्या कपात ओतायला सुरुवात केली आणि विचारलं, "पुरे?"

आत ऐकू जाऊ नये म्हणून पप्पांनी नुसतं बोटानं दाखवलं, एवढासा. आतला आवाज चालूच होता. काकूंनी थोडा अजून ओतला.